पडवीतली पद्मिनी

रोह्याला खेटून असलेल्या वरशात मामाचं घर आहे. त्याच्या पडवीत तीन महिने भाताच्या कणगीशेजारी इंजिनचा बिडाचा ब्लॉक पडून होता. भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांत आठ पुशरॉड ओळीने खोचले होते, खाली पेनने आकडे घातले होते. ज्या टॅपेटवर जो रॉड झिजला तो तिथेच परत गेला पाहिजे, म्हणून हा बंदोबस्त. मामीने एकदा झाडताना पुठ्ठा उचलून आडवा केला होता. त्या दिवशीचं संभाषण इथे देत नाही.

गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० पुढे पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपल्या डोळ्यांपुढे येते ती हीच. २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या मात्र कोकणात अजून अंगणाअंगणांत ताडपत्रीखाली उभ्या आहेत. मामाची त्यातलीच एक. दोन वर्षं ती निळा धूर मारत होती आणि पेट्रोलइतक्याच आवडीने ऑइल खात होती.

मामा धाटावच्या एमआयडीसीत फिटर होता. त्यामुळे ‘गाडी धूर मारते, रिंगा गेल्या’ एवढ्यावर त्याचं भागेना. किती गेल्या, कुठे गेल्या, आणि तिथेच का, हे त्याला हवं होतं.

पद्मिनीचा सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरांचा गुणाकार केला की १०८९ घन सेंटिमीटर येतात. मामाने बोअर गेज आत सोडला. तळाशी व्यास ६८.०२ भरला. वर, जिथे पिस्टन उलटा फिरतो त्याच्या जरा खाली, ६८.१९. त्याच उंचीवर गेज नव्वद अंशांत फिरवला तर ६८.११. म्हणजे सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद, आणि गोलही राहिलेला नाही. अगदी वरच्या कडेला रिंग पोचतच नाही, तिथे मूळ धातूचा ओठ शिल्लक होता. नखाला लागत होता.

वरच का झिजतो? खाडीत होडी वेगात असली की पाण्यावर उचलली जाते आणि थांबली की बसते. रिंगचंही तसंच. पिस्टन धावत असताना रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलची पातळ चादर टिकते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा क्षणभर थांबतो, ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली. थांबला की चादर फाटते. वरच्या टोकाला तर नेमका त्याच वेळी पेट्रोलचा भडका उडतो आणि वायूचा दाब रिंगच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. बीड तिथेच खरवडलं जातं. लंबगोलाचं कारण वेगळं आहे. कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे भडक्याच्या वेळी पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो आणि ती बाजू जास्त खाल्ली जाते.

हे घरी मोजता येतं, घरी दुरुस्त करता येत नाही. ब्लॉक बोअर करायला मशीन शॉपलाच न्यावा लागतो. आणि इथे आम्ही चुकलो. चूक माझी. पिस्टन यायला वेळ होता म्हणून मी म्हटलं, तोवर बोअर करून घेऊ, ०.४ मिलिमीटर मोठ्या मापाने. मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताआधी पेज मागितली होती. ‘अरे, पिस्टन आधी, बोअर नंतर. पिस्टन हातात घेऊन मोजायचा, मग भोक त्याच्या मापाचं पाडायचं.’ पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तापला की बिडापेक्षा जास्त फुगतो. म्हणून त्याच्याभोवती ठरलेली फट सोडावी लागते, तीही मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. माणसाचा केसही साधारण सात शतांश जाड असतो. फट कमी पडली तर पिस्टन धरतो, जास्त झाली तर थंड इंजिन खडखडतं. सुदैवाने मशीनवाल्याकडे आमचा नंबर आठवडाभराने लागला आणि तोवर पिस्टन आले.

बोअर झाल्यावर होनिंग करताना भिंतीवर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर दिसायला छान, पण त्यावर ऑइल ठरत नाही. रेघांत ऑइल साठतं, आणि नव्या रिंगा त्यांच्याच माथ्यांवर घासून बसतात. ६८.४ च्या बोअरने इंजिन ११०२ घन सेंटिमीटरचं झालं. वाढ जेमतेम १३ ची, म्हणजे चहाचे अडीच चमचे. कुणी ‘बोअर मारला, आता गाडी पळणार’ म्हणालं तर हे चमचे आठवावेत.

खरी सुधारणा हेडमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये आहे. कारण ही गाडी जन्मली तेव्हाचं पेट्रोलच आता मिळत नाही.

जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असे. इंजिनचं नॉकिंग रोखण्यासाठी ते घालत, पण जाता जाता त्याचा थर वॉल्व्हच्या सीटवर बसे आणि गादीचं काम करी. विषारी म्हणून ते काढणं योग्यच होतं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. गादी गेली तशी जुन्या, मऊ सीट वॉल्व्हच्या ठोक्यांनी आत बसू लागल्या. लक्षण गमतीचं आहे. एरवी झीज झाली की फट वाढते, इथे टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. ती शून्य झाली की वॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम वायू फटीतून निसटतो आणि वॉल्व्हची कड जळते. मामाने एक्झॉस्टच्या चारही सीट कठीण धातूच्या बसवून घेतल्या. हेडचा तळही सपाट करून घेतला. अ‍ॅल्युमिनियमचं हेड ४० सेंटिमीटर लांब धरलं तर ६० अंश तापमान चढल्यावर ते अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त वाढतं आणि खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्मंच. बोल्ट दोघांना धरून ठेवतात, ओढाताण गॅस्केट सोसते. म्हणून बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. नुसत्या मनगटाचा अंदाज इथे चालत नाही.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. एक किलो साधं पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. मिश्रणाचा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. नव्या गाडीचा संगणक सेन्सर बघून पेट्रोल वाढवतो. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला हे कोण सांगणार? त्याच्या पितळी जेटचं भोक ठरलेलं, तो जुन्याच मापाने पाजत राहतो. मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं आणि गाडी चढावर अडखळते. उपाय शाळेतल्या भूमितीतला आहे. जेट १.२५ मिलिमीटरचा असेल तर १.३० चा घालायचा. व्यास पाच शतांशच वाढला, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, ते बरोबर आठ टक्के.

इथेनॉलची दुसरी खोड कोकणात जास्त नडते. ते हवेतली ओल ओढतं. गाडी ताडपत्रीखाली चार महिने पावसाळा काढणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नये. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि पाइप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रामही ते हळूहळू फुगवतं. मामाने हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घातलं. फिल्टर मात्र पहिल्या महिन्यात तीनदा बदलावा लागला, कारण टाकीतला वीस वर्षांचा चिकटा इथेनॉलने धुऊन काढला.

पूर्ण दुसरंच इंजिन बसवायचा मोह अनेकांना होतो. त्याला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली आरटीओची मंजुरी लागते. बोअर केलेला मूळ ब्लॉक असला की इंजिनचा नंबर तोच राहतो.

इंजिन गाडीत चढलं गेल्या महिन्यात. कोलाडपर्यंत जाऊन आलो, वेग कमीजास्त करत, म्हणजे रिंगा नीट बसतात. धूर नाही. पडवीसमोर गाडी बंद करून मामाने तापलेले प्लग काढले आणि पायरीवर क्रमाने मांडले. तिघांची टोकं फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाची. चौथ्याचं पांढरट.

‘मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा घेतेय कुठेतरी,’ असं म्हणत मामा पाना शोधायला आत गेला.