'अप्रीती'चा अर्थ : 'केसरी'वरील खटले आणि भाषेचा प्रश्न

पत्रकारांचा तुरुंगवास हा विषय सामान्यतः राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. परंतु पुण्याच्या 'केसरी'वर १८९७ व १९०८ साली झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यांत वादाचे एक मुख्य स्थान शब्दार्थ हेच होते. त्यामुळे भाषेच्या अभ्यासकास त्यांकडे पाठ फिरविता येत नाही. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात जे १०१ दिवस काढले, त्यामागे कोल्हापूर प्रकरणातील बदनामीचा आरोप होता. त्याचा येथे विचार केलेला नाही.

भारतीय दंडसंहितेत १२४ अ हे कलम १८७० साली घालण्यात आले. सरकारविषयी 'डिसअफेक्शन'ची भावना चेतविणे हा त्यातील गुन्हा. मराठी कायदेपरिभाषेत त्यास 'अप्रीती' म्हणतात. आपण ज्यास 'राजद्रोह' म्हणतो त्या शब्दातील 'द्रोह' हा घात सुचवितो. कलम मात्र कृतीविषयी नसून भावनेविषयी होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आपल्या वैयाकरणांनी नञ्‌चे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांपैकी तीन येथे उपयोगी पडतात : अभाव, विरोध आणि अल्पता. 'अधर्म' म्हणजे केवळ धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध असे काही. तर 'अपाप' म्हणजे पापाचा अभाव. मग 'अप्रीती' कोणत्या वर्गात बसवावयाची? इंग्रजी 'डिस' या पूर्वप्रत्ययापुढेही हाच पेच आहे. १८९१ साली कलकत्त्याच्या 'बंगवासी' खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथरम यांनी विरोधार्थ स्वीकारला : प्रीतीच्या उलट भावना, म्हणजे नावड अथवा द्वेष. १८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीस उपदेश करताना, पेथरम यांच्याशी आपण सहमत आहोत असे म्हणूनच, अभावार्थ पुढे केला : प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती. द्वेष, वैर, तिरस्कार यांची गणना त्यांनी केली हे खरे. पण भावनेचे प्रमाण वा तीव्रता शिक्षा ठरविण्यापुरतीच विचारात घ्यावयाची, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे अल्पतेचीही सोय झाली! परक्या सरकारवर प्रजेने प्रेम न करणे हाच जर अपराध, तर प्लेगच्या वर्षी पुण्यात निरपराध कोण उरला असता, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

१४ सप्टेंबर १८९७ रोजी ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी दोषी व तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष असे मत दिले. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. विचार लिहिल्याबद्दल शिक्षा झालेल्या संपादकास सामान्य गुन्हेगाराचे अन्न आणि सामान्य गुन्हेगाराचे काम देण्यात आले, प्रकृती ढासळली. त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडातून जो अर्ज झाला, त्यावर ऋग्वेदाचे संपादक माक्स म्युलर यांचीही सही होती. ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक सुटले. त्याच वर्षी कलम दुरुस्त झाले. द्वेष व तिरस्कार हे शब्द त्यात आले, आणि 'डिसअफेक्शन'मध्ये बेइमानी व सर्व प्रकारची वैरभावना अंतर्भूत होते असे स्पष्टीकरण जोडले गेले. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर विधिमंडळ विरोधार्थाकडे झुकले. पण कलमाची व्याप्ती त्यामुळे कमी झाली नाही.

१९०८ च्या खटल्यात वाद पूर्वप्रत्ययावरून भाषांतरावर आला. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन अग्रलेख आरोपास आधार होते. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोरील ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते; लेख मराठी, आणि निर्णय इंग्रजी भाषांतरावरून व्हावयाचा. टिळकांनी स्वतःच बचाव केला, सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावरून उलटतपासणी घेतली, आणि मराठीत राजकीय परिभाषा अद्याप घडत आहे हे ज्यूरीपुढे मांडले. या मुद्द्याचे मोल मोठे आहे. इंग्रजी राज्यशास्त्रातील संज्ञेसाठी लेखकाने एखादा मराठी शब्द योजावा, भाषांतरकाराने मूळ संज्ञेकडे न जाता त्या शब्दाचा बोलीतील अर्थ इंग्रजीत न्यावा, की शास्त्रीय संज्ञेची शिवी होते. 'जुलमी' हा शब्दच घ्या : तो राज्यपद्धतीचे वर्णन करतो की राज्यकर्त्यांची निर्भर्त्सना, हे वाक्यावाचून ठरत नाही. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली; ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. ते तेथे असतानाच १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या.

१९०८ सालीच 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. परांजपे यांचे शस्त्र वक्रोक्ती. वाच्यार्थ निष्पाप आणि व्यंग्यार्थ जहाल, अशा लेखनावर खटला भरताना सरकारपक्षास एका अर्थी ध्वनिसिद्धान्ताचाच आश्रय करावा लागतो. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ व्या कलमात 'डिसअफेक्शन' हा शब्द नाही. जुन्या वादाची साधने मात्र उपलब्ध आहेत. न. चिं. केळकर यांनी १९०८ च्या खटल्याचा संपूर्ण इंग्रजी वृत्तान्त प्रसिद्ध केला आहे आणि त्यात न्यायालयापुढील भाषांतरे आहेत. 'केसरी'च्या मूळ अग्रलेखांशी ती ओळीने ताडून पाहण्याचे काम आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हाती घ्यावे.