खाऱ्या पाण्यातील ट्राउट

कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविले असता त्यांस पाणी सुटते, हे आपण घरोघरी पाहतो. गोड्या पाण्यातील मासा एकाएकी समुद्रात सोडिल्यास त्याच्या शरीराचीही तीच गत होते. असे असता नॉर्वे देशात १९६० च्या सुमारापासून रेनबो ट्राउट हा नदीतला मासा समुद्रात पाळीत आले आहेत. हे कसे साधते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

माशाच्या रक्तात दर हजार भागांस सुमारे १० भाग क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५, आणि नदीच्या पाण्यात अत्यल्प. म्हणून नदीत असता पाणी माशाच्या अंगात आपोआप शिरते. ते तो पुष्कळशा पातळ मूत्रावाटे बाहेर टाकितो आणि कल्ल्यांनी पाण्यातील क्षार वेचून घेतो. समुद्रात सारेच उलट! तेथे अंगातील पाणी बाहेर जाऊ लागते. ही तूट भरून काढण्यास समुद्रातील मासे खारे पाणीच पितात, असे होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली दाखविले. पोटात गेलेले बहुतेक मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशी बाहेर टाकितात.

रेनबो ट्राउट मूळचा उत्तर पॅसिफिकच्या काठचा. त्यातील स्टीलहेड नावाचे मासे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यास नदीत परततात. तेव्हा खारे पाणी सोसण्याचे सामर्थ्य या जातीत उपजत आहे. मात्र लहान पिलांच्या ठायी ते पुरते आलेले नसते. यास्तव मत्स्यपालक पिले प्रथम गोड्या पाण्यात वाढवितात व ती सुमारे १०० ग्रॅमची झाली म्हणजे समुद्रातील जाळ्यांच्या पिंजऱ्यांत सोडितात. कित्येक जण मध्यंतरी त्यांस मचूळ पाण्यात ठेवितात. घाई केल्यास काही पिले मरतात. काही जगतात, पण अन्न टाकितात व खुरटतात. मग पालकाचे कष्ट व्यर्थ जातात.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरील समुद्र हिवाळ्यातही सहसा गोठत नाही, त्यामुळे तेथे मासा बारमाही वाढतो. परंतु या लाभास दुसरीही बाजू आहे. दाटीने ठेविलेल्या माशांवर समुद्री उवा माजतात व त्या जवळच्या रानमाशांसही लागतात. पिंजऱ्यांतील विष्ठा तळाशी साचते. माशाने खारे पाणी सोसले, एवढ्याने काम संपत नाही. त्या पाण्याने माशांचा हा भार सोसला पाहिजे, हेही पालकास पाहावे लागते.