कापणी-मळणी यंत्राची जुळणी

मराठवाड्यांत व विदर्भांत सोयाबीनची सुगी आली कीं कापणी-मळणीचें यंत्र, म्हणजे लोकांच्या तोंडचें 'हार्वेस्टर', शेतांतून फिरूं लागतें. यंत्र भरभर चाललें म्हणजे काम चांगलें झालें, असें समजूं नये. दाणा कोठें सांडतो, हें आधीं पाहावें.

यंत्र थांबवून मागील जमिनीवरचे दाणे मोजावे. चौरस फुटास सरासरी ४ दाणे म्हणजे एकरीं सुमारें २७ किलो धान्य मातींत गेलें. मग यंत्र थोडें मागें घेऊन, कापलेल्या पण भुसा न पडलेल्या जागीं मोजावें. तेथेंही तितकेच दाणे असल्यास दोष पुढील भागाचा. पीक ओढणारें रीळ यंत्राच्या चालीहून किंचितच जलद असावें. एरवीं वाळल्या शेंगा तडकतात.

मागेंच दाणे अधिक असतील, तर शेंगा उघडून पाहाव्या. आंत दाणा राहिला असल्यास ड्रम व जाळी यांतील अंतर थोडें कमी करावें. सुटा दाणा भुशाबरोबर उडत असल्यास पंख्याचा वारा कमी करावा. टाकींत फुटके दाणे दिसल्यास ड्रमचा वेग उतरवावा. एका वेळीं एकच फेरफार करावा. नाहींतर गुण कशानें आला तें कळत नाहीं. सकाळच्या दंवांतली जुळणी दुपारच्या उन्हांत चालत नाहीं, म्हणून ती पुन्हां तपासावी.

घरचें बियाणें राखणाऱ्यानें विशेष जपावें. सोयाबीनचें टरफल पातळ असतें. ड्रमच्या मारानें दुखावलेला दाणा डोळ्यांस धड दिसला तरी पुढील वर्षीं उगवेलच असें नाहीं.

आणि आंत हात घालण्यापूर्वीं एंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी. सांडलेला दाणा पुढच्या सुगींत भरून निघेल, तुटलेलें बोट नाहीं.