पिपातला माल आणि वेलीवरचा माल

बोर्डो हे नाव नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागाईतदाराला शिकवावे लागत नाही. शाळेची पायरी न चढलेला माणूसही मोरचूद आणि चुना कालवून 'बोर्डो' तयार करतो व डावणीवर फवारतो. हे बोर्डो म्हणजे एखाद्या औषध कंपनीचे नाव नसून फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील एका शहराचे नाव आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १८८२ साली तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना असे दिसले की, एका बागेत रस्त्याकडेच्या वेलींची पाने टिकून आहेत आणि आतल्या वेलींची रोगाने झडली आहेत. चौकशी करता कळले की, येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी शिंपडले होते. चोरांसाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला! १८८५ मध्ये मिलार्दे यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले.

या गावचा खरा धंदा मात्र वाइनचा. त्या धंद्याकडे तिथला व्यापारी कसा पाहतो, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखकाने वाइनचा थेंबही चाखलेला नाही, आणि मद्याची भलामण करण्याचा हेतूही नाही. पण शेतातल्या मालाचा भाव कोण ठरवतो, केव्हा ठरवतो आणि पैसे कधी मिळतात, हे प्रश्न ज्याच्या घरी द्राक्षे पिकतात त्याला मद्याइतके दूरचे वाटत नाहीत.

बोर्डोत बागेच्या मालकीच्या वास्तूला 'शातो' म्हणतात. शब्दाचा अर्थ गढी किंवा वाडा. प्रत्यक्षात ते कधी टोलेजंग असते, कधी साधे कौलारू घर. नामांकित शातोचा मालक आपली वाइन बहुधा थेट गिऱ्हाइकाला विकत नाही. त्याच्या आणि 'नेगोसियाँ' म्हणजे ठोक व्यापाऱ्याच्या मध्ये 'कुर्तिए' हा दलाल असतो. त्याची दलाली शेकडा दोन. तो स्वतः माल घेत नाही, पण कोणाचा माल कसा आणि कोणाची पत किती, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या वाइनांची प्रतवारी लावायची होती, तेव्हा ते काम या दलालांकडेच आले. त्यांनी चवीवर वाद घातला नाही. वर्षानुवर्षे ज्या शातोला जो भाव मिळत आला होता, त्यावरून पाच प्रती पाडल्या. ती यादी आजही चालते. तिच्यात मोठा बदल म्हणावा असा एकच झाला. १९७३ मध्ये मूताँ रोथशिल्ड हे शातो दुसऱ्या प्रतीतून पहिल्या प्रतीत गेले. आपल्याकडील बाजार समितीच्या आवारात दीडशे वर्षे एकच भावफलक टांगून ठेवला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी.

आता चाखणीकडे वळू. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते, रस आंबतो, आणि पुढच्या वसंतात, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, देशोदेशीचे व्यापारी आणि समीक्षक बोर्डोत जमतात. त्यांना जी वाइन दिली जाते ती तयार झालेली नसते. ती ओकच्या पिपातून काढलेली असते. एका पिपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. त्या पिपात ती साधारण दीड वर्ष मुरायची असते. व्यापारी पेला तिरका धरून रंग पाहतो, हुंगतो, घोट तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. दिवसाला अनेक दहाई नमुने चाखायचे असल्याने गिळणाऱ्याचे दुपारपर्यंत डोके ठिकाणावर राहणार नाही. काबेर्ने सोव्हिन्याँ आणि मेर्लो या तिथल्या मुख्य काळ्या जाती. त्यांच्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा कोवळ्या वाइनमध्ये इतका असतो की हिरडा चावल्यासारखी जीभ ओढली जाते. या तुरटपणातून दहा वर्षांनी काय निघेल, हे व्यापाऱ्याला आज ओळखायचे असते. शिवाय नमुना निवडतो शातोचाच माणूस, तेव्हा तो वाईट पिपातला नसणार हे उघड आहे.

चाखणीनंतर भाव फुटतात आणि सौदे होतात. व्यापारी पैसे आधी देतो, बाटल्या दीड-दोन वर्षांनी येतात. सौदा पटला नाही तर नाही म्हणावे, असे आपल्याला वाटेल. पण येथेच गोम आहे. प्रत्येक व्यापाऱ्याचा प्रत्येक शातोकडे वाटा ठरलेला असतो. वाईट वर्षी त्याने वाटा नाकारला, तर पुढे चांगले वर्ष आले की तो वाटा दुसऱ्याला गेलेला असतो. म्हणून नको असलेला माल तो मुकाट्याने घेतो. १९७२ चे पीक सामान्य होते, तरी चढ्या भावात विकले गेले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, गिऱ्हाईक आटले, आणि १९७४ पर्यंत बोर्डोचा बाजार कोसळला. वखारी भरलेल्या आणि कर्ज डोक्यावर, अशी कित्येक व्यापाऱ्यांची गत झाली. म्हणजे शातोचा मालक हा शेतकरी असूनही येथे वरचढ आहे. पण हे नामांकित शातोंपुरतेच. बिननावाच्या लहान बागाईतदाराला कोणी आगाऊ पैसे देत नाही. २०२३ मध्ये याच बोर्डोत हजारो हेक्टर वेली उपटून टाकण्यासाठी सरकारला हेक्टरी ६,००० युरोंची मदत जाहीर करावी लागली, कारण साध्या तांबड्या वाइनला उठाव राहिला नव्हता.

मग जीभ खरी की नाव खरे? याची परीक्षा एका वाइनविक्याने घेतली. स्टीव्हन स्परियर हा इंग्रज गृहस्थ पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवीत असे. २४ मे १९७६ रोजी त्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. परीक्षक साधेसुधे नव्हते, सारे त्या क्षेत्रातले जाणते. पांढऱ्यात शातो मॉन्टेलिना आणि तांबड्यात स्टॅग्ज लीप या कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. तांबड्यात १९७० ची मूताँ दुसरी. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची पांढरी चाखून 'आता फ्रान्सला परत आलो' अशा अर्थाचे उद्गार काढले! 'टाइम' साप्ताहिकाचा एकच बातमीदार तिथे हजर होता, म्हणून ही हकीकत जगाला कळली. १८५५ ची यादी मात्र जागची हलली नाही.

चाखणी संपली की व्यापाऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. एप्रिलमध्ये कोंब फुटलेले असतात आणि हिम पडले तर एका रात्रीत बाग करपते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर असेच झाले. त्या रात्री बागाईतदारांनी ओळीओळींतून शेगड्या पेटवल्या होत्या. जूनच्या सुमारास फुलोरा येतो, आणि फुलोऱ्यापासून सुमारे शंभर दिवसांनी तोडणी, असा तिथल्या लोकांचा जुना हिशेब आहे. ऑगस्टात मण्यात पाणी उतरते आणि काळ्या जातींचा रंग पालटतो. तेथून पुढे साखर रोज वाढते, आंबटपणा रोज उतरतो. लवकर तोडावे तर वाइन कच्ची व आंबट, थांबावे तर सप्टेंबरचा पाऊस घड कुजवतो. पुढच्या आठवड्यात ऊन पडेल या भरवशावर थांबणारा मालक आणि आजच कात्री लावणारा शेजारी, यांच्या वाइनमध्ये जमीन एक असूनही फरक पडतो.

व्यापाऱ्याची गंमत अशी की, चांगल्या पिकाची बातमी त्याला निखळ आनंदाची नसते. गेल्या दोन वर्षांचा माल त्याच्या तळघरात पडून असतो. नवे पीक उत्तम आले तर गिऱ्हाईक जुन्याकडे पाठ फिरवते. वाईट आले तर जुन्याचा भाव वधारतो, पण नव्याचा वाटा गळ्यात पडतो. सप्टेंबरच्या पावसाकडे तो एकाच वेळी भीतीने आणि आशेने पाहत असला पाहिजे.

अलीकडे हे सारे गणितही सरकू लागले आहे. बर्गंडी प्रांतातील बोन या गावी तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून मिळते. तिथली तोडणी १९८८ पासून पूर्वीपेक्षा सरासरी तेरा दिवस आधी होऊ लागली आहे. २००३ च्या उन्हाळ्यात तर फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी ऑगस्टातच तोडणीची माणसे गोळा करावी लागली.

आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. वाइनच्या कारखान्याला द्राक्षे घालणारे थोडे. बहुतेक माल खायचा. त्याला मुरवायला पीप नाही. घड तयार झाला की आठ-पंधरा दिवसांत गेला पाहिजे, मग गारपीट होवो की भाव पडो. व्यापारी बांधावर येतो, चार मणी तोंडात टाकतो, गोडी बघतो आणि भाव बोलतो. तोही चाखणाराच, फक्त थुंकत नाही. माल गाडीत चढतो, चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो आणि पैसे पंधरा दिवसांनी, महिन्याने येतात. दर हंगामात कोणाचे ना कोणाचे येतच नाहीत, व्यापाऱ्याचा फोन बंद असतो. आमच्या घरी अशी एक चिठ्ठी देवाच्या फळीवर तीन वर्षे आहे. बोर्डोचा व्यापारी माल न पाहता दोन वर्षे आधी पैसे मोजतो, हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, त्याला तसे करायला भाग कोण पाडते?