'सूझरेन' : कल्पित राष्ट्र आणि दिलेला शब्द

संगणकावरील खेळाला साहित्यचर्चेत स्थान द्यावे काय, या प्रश्नामागे बहुधा दोन गृहीते असतात. खेळ म्हटला की त्यात जयपराजय आलाच, हे एक. आणि जयपराजय आला की आस्वाद संपला, हे दुसरे. ही दोन्ही गृहीते पुन्हा तपासून पाहावीत असे वाटायला लावणारी एक कृती म्हणजे 'सूझरेन'. बर्लिन येथील टॉर्पर गेम्स या संस्थेने ती रचली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली.

तिला खेळ म्हणावयाचे ते सोयीपुरतेच. येथे नेमबाजी नाही, धावपळ नाही. एक नकाशा, त्यावरील काही खुणा, पात्रांची चित्रे आणि त्यांच्याशी चालणारे संवाद एवढाच काय तो पसारा. कर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे मजकूर सुमारे ४,००,००० शब्दांचा आहे. वाचक (खेळाडू हा शब्द मला येथे अपुरा वाटतो) सॉर्डलंड नावाच्या कल्पित प्रजासत्ताकाचा नवनिर्वाचित अध्यक्ष अँटन रेन होतो. काळ १९५४ चा. समोरचे पात्र बोलते, खाली उत्तराचे दोन-तीन पर्याय उमटतात, वाचक त्यांतील एक निवडतो आणि कथा त्या वाटेने पुढे सरकते.

राज्य चालविण्याची कल्पना या माध्यमाला नवी नाही. न्यूयॉर्क राज्यातील मेबेल ॲडिस या शिक्षिकेने १९६४ च्या सुमारास आय. बी. एम. च्या साहाय्याने 'द सुमेरियन गेम' लिहिला. त्यात सहाव्या इयत्तेतील मूल प्राचीन लगश नगराचा राजा होई आणि धान्य किती वाटावे, किती पेरावे, किती साठवावे हे ठरवी. पुढे १९८८ मध्ये जिम गॅस्परिनी यांच्या 'हिडन अजेंडा'ने चिमेरिका हा मध्य अमेरिकेतील कल्पित देश उभा केला. तेथे हुकूमशहा नुकताच उलथलेला असतो आणि नव्या अध्यक्षाला नाना हितसंबंधांच्या प्रतिनिधींना सामोरे जावे लागते. धान्यापासून माणसांपर्यंतचा हा प्रवास 'सूझरेन'मध्ये कुठवर आला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम शीर्षकाविषयी. 'सूझरेन' म्हणजे दुसऱ्या राज्यावर अधिसत्ता गाजविणारा. त्या राज्याला घरचा कारभार थोडाफार राखू देणारा, पण बाहेरचे व्यवहार आपल्या हाती ठेवणारा अधिपती. मराठीत यासाठी 'अधिराज' म्हणता येईल, परंतु तो शब्द कोशातला. त्याच्या उलट बाजूचा 'मांडलिक' हा शब्द मात्र आपल्या तोंडात पक्का बसलेला आहे. संस्थानांच्या इतिहासातून गेलेल्या भाषेला हे दुसरे टोक अधिक परिचयाचे असावे, यात नवल नाही. आणि कृतीचा रोखही त्या दुसऱ्या टोकाकडेच आहे. रेन हा नावाने राष्ट्राध्यक्ष. पण एका बाजूला आर्केशिया ही भांडवलशाही महासत्ता, दुसऱ्या बाजूला काँटाना ही साम्यवादी महासत्ता, सीमेवर रुम्बर्गचे राजसैन्य, आणि घरात वीस वर्षे सत्ता गाजवून गेलेल्या टार्क्विन सोलची छाया. सोल हयात आहे. त्याच्या काळची राज्यघटना चालू आहे. पक्षातील जुना गट त्याच्याच नावाने बोलतो. रेनच्या आधीच्या अल्फोन्सोने बाजार मोकळा केला, त्यानंतर मंदी आली, आणि ती निस्तरण्याचे काम रेनच्या माथी आले. अधिराज नेमका कोण, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

सॉर्डलंड वाचताना तुर्कस्तानच्या विसाव्या शतकाची आठवण वारंवार होते. सैन्यातून आलेला राष्ट्रनिर्माता, त्याने लादलेली आधुनिकता, आणि त्या आधुनिकतेत न मावणारे बर्जिया प्रांतातील ब्लूड अल्पसंख्याक व त्यांच्यातील सशस्त्र गट. मात्र ही कृती म्हणजे मुखवटा घातलेला इतिहास नव्हे. खऱ्या देशाचे नाव असते तर वाचक आपला पक्ष आधीच ठरवून बसला असता. कल्पित नावामुळे त्याला पहिल्या दिवशी कोणाचाच इतिहास ठाऊक नसतो. ज्या मंत्र्याचे म्हणणे तो मान्य करतो, त्याच मंत्र्याच्या नजरेतून तो इतिहास शिकतो. पुढे केव्हातरी ध्यानात येते की आपल्याला इतिहास नव्हे, एक बाजू शिकविली गेली.

परंतु कृतीचे मर्म पर्यायांच्या संख्येत शोधणे व्यर्थ आहे. ते आहे दिलेल्या शब्दाच्या भवितव्यात. प्रारंभीच्या भागात वाचक रेनचे पूर्वायुष्य ठरवितो, आणि पुढे कारभार सुरू झाल्यावर त्याच्याकडून एकेक आश्वासन घेतले जाते. सुधारणावाद्यांचा आल्बिन क्लॅव्हिन त्याला घटनादुरुस्तीसाठी साकडे घालतो. जुन्या गटाची ग्लोरिया टोरी सोलचा वारसा सांभाळण्याची हमी मागते. उद्योगपतींना सरकारी कारखाने हवे असतात. पत्नी मोनिकाला स्त्रियांच्या हक्कांसाठी उघडपणे काम करावयाचे असते. प्रत्येकाला होकार देणे त्या त्या क्षणी सोपे असते, कारण पडद्यावर होकाराची किंमत लिहिलेली नसते. तिजोरीतील शिल्लक दिसते. माणसांच्या मनातील शिल्लक दिसत नाही. मग केव्हातरी घटनेचा मसुदा मतदानाला येतो. विशेष बहुमत हवे असते, आणि दोन्हीकडे 'हो' म्हटलेल्या अध्यक्षाला दोन्हीकडची मते कमी पडतात. हा पराभव वाचकाला दैवाचा वाटत नाही. तो त्याच्याच वाक्यांतून आलेला असतो.

मराठी वाचकाला येथे अरुण साधू यांची 'सिंहासन' ही कादंबरी (१९७७) आणि जब्बार पटेल यांचा त्याच नावाचा चित्रपट (१९७९) आठवेल. सत्तेच्या बैठकीतील कुजबुज, युती, शह-काटशह, सारे तेथेही आहे. पण चित्रपटात निळू फुले यांनी उभा केलेला पत्रकार दिगू टिपणीस आहे. तो पाहतो, आणि आपण त्याच्या शेजारी बसून पाहतो. मुख्यमंत्री जिवाजीरावांचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो. 'सूझरेन'मध्ये दिगूची खुर्चीच नाही. वर्तमानपत्रे आहेत, एकाच घटनेचे वेगवेगळे वृत्तांतही आहेत, परंतु ते अध्यक्षाच्या मेजावर येतात. स्वतःविषयी छापून आलेले आपण वाचावे तसे ते आपण वाचतो, आणि विरोधी पत्राचा राग येतो. हा राग येणे हाच या कृतीचा एक मोठा विजय आहे.

दोषही आहेत. मंत्रिमंडळातील बरीच पात्रे एकेका मताची वाहने आहेत. अर्थमंत्री अर्थकारण बोलतो, संरक्षणमंत्री संरक्षण, आणि त्या पलीकडे त्यांना घर नाही. नामावली युरोपच्या सर्व कोपऱ्यांतून वेचल्यासारखी आहे. सोबत जोडलेला ज्ञानकोश इतका विस्तृत आहे की काही वेळा कथा थांबून भूगोलाचा तास सुरू होतो. त्याउलट मुलगा फ्रँक व मुलगी डियाना यांच्यासोबतचे जेवणाचे प्रसंग छोटे असूनही अधिक टिकतात, कारण तेथे कोणी धोरण सांगत नसते.

समीक्षकापुढील अडचण वेगळीच आहे. एका वाचनात या मजकुराचा काही अंशच डोळ्यांखालून जातो. दोन वाचकांनी एकाच नावाची दोन पुस्तके वाचलेली असतात. तेव्हा 'कृतीत असे घडते' हे वाक्य लिहावे तरी कोणी? 'माझ्या वाचनात असे घडले' एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते, आणि असे म्हणताच समीक्षा साक्षीचे रूप घेऊ लागते.

अनुवादकाची अडचण याहून बारीक, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. उपाध्यक्ष पेट्र व्हेक्टर्न हा रेनचा जुना मित्र. मूळ इंग्रजीत तो अध्यक्षाला सर्वत्र एकाच सर्वनामाने संबोधितो. मराठीत ते चालत नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो 'आपण' म्हणेल, दालनाचे दार लागल्यावर 'अरे, तू' म्हणेल. आणि मैत्रीत मीठ पडल्यावर एकांतातही 'तुम्ही' म्हणेल. त्या एका 'तुम्ही'ने मराठी वाचकाला दहा वाक्यांचे काम एकदम कळेल. हे सामर्थ्य मूळ भाषेत नाही. परंतु या प्रकारच्या लेखनात एकच वाक्य अनेक वाटांवर योजले जाते. मैत्री टिकलेल्या वाचकालाही ते भेटते आणि मैत्री तुटलेल्यालाही. इंग्रजी सर्वनाम दोघांनाही पुरते. मराठी सर्वनाम एकाला खोटे ठरविते. म्हणजे अनुवादकाने वाक्य दोनदा, तीनदा लिहावे, आणि कोणते केव्हा उमटावे हे यंत्राला सांगण्याची सोय रचनाकारांकडून मागून घ्यावी. मोनिकेच्या बाबतीत आणखी एक पेच. १९५४ मधील मराठी घरातील पत्नी पतीला 'अहो' म्हणेल; पण सॉर्डलंड हे मराठी घर नव्हे, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढू पाहणाऱ्या मोनिकेच्या तोंडी 'अहो' घातले तर तिच्या पहिल्याच वाक्यात तिची बाजू निम्मी हरेल. तिला 'तू'च द्यावे लागेल, पहिल्या प्रसंगापासून.

२०२४ मध्ये याच जगातील रिझिया या राज्याची कथा जोडली गेली. तेथे वाचक अध्यक्ष नव्हे, रोमस टोरास नावाचा राजा होतो. संबोधनांचा प्रश्न तेथे काही अंशी सुटतो, कारण दरबारात 'महाराज' सर्वांना पुरते. व्हेक्टर्नसारखा मित्र मात्र तेथे नसेल तर अनुवादकाला सोपे जाईल आणि वाचकाला उणे वाटेल, असा माझा अंदाज आहे.