साथीदाराचा रियाज

दिल्लीच्या पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, पण गल्लीत या मराठी पेटीवादकाला सगळे हिंदी वळणाने ‘मास्टरजी’ म्हणतात. सत्तरी उलटलेली, आयुष्य पेटीच्या साथीत गेलं. गणेशोत्सवातली नाट्यगीतं, भजनं, थोड्या शिकवण्या. २०२० च्या टाळेबंदीत कार्यक्रम थांबले. पुन्हा सुरू झाले तोवर गाणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये तयार ट्रॅक आले होते.

रियाज मात्र चालू आहे. एकल वाजवणाऱ्याला काम नसलं तरी राग घोटता येतो. साथीदाराची विद्या दुसऱ्याच्या गळ्यावर उभी. गवई श्वास कुठे घेईल, मुखड्याकडे कधी वळेल, हे ओळखून किंचित मागे राहायचं. एकट्याने हे घोटायचं कसं? पूर्वी तासभर अलंकार चालत, काळी एक, काळी चार, काळी पाच अशा पट्ट्या बदलत. आता मधल्या बोटाचा सांधा आखडतो, म्हणून अलंकार थोडेच. मग मोबाइलवर कधी न ऐकलेलं गाणं लावून त्याच्यामागे जायचं, तेही एकदाच. ‘‘दुसऱ्यांदा वाजवलं की पाठांतर होतं,’’ ते म्हणाले.

उरलेला वेळ पेटीच्या पोटात जातो. पहाडगंजची धूळ आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्यांवर बसते. पट्टी टोकाशी हलकी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. खर्ज आणि नर या दोन संचांतले सूर एकत्र दाबून दोघांतली लहर थांबेपर्यंत ते कान लावून बसतात. पूर्वी हे काम दुकानात जायचं; आता वेळही आहे आणि पैसेही वाचतात. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढलं ते थेट १९७१ पर्यंत, तेव्हा पडते दिवस पेटीला नवे नाहीत. पण वाद्य टिकलं म्हणून वाजवणाऱ्याचं भाडं भरलं जात नाही.

‘‘तुम्ही काहीतरी म्हणा,’’ त्यांनी मलाच सांगितलं. माझा गळा म्हणजे आरतीपुरता. एक अभंग धरला. काळी एकमध्ये सुरुवात केली आणि अंतऱ्यापर्यंत मी नकळत चढलो. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पांढरी दोनवर सरकवला. अभंग संपल्यावर आणखी एक म्हणायला लावला. ‘‘मोबाइल असा चुकत नाही हो!’’