पीएच.डी.चा संशोधन आराखडा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.चा आराखडा म्हणजे प्रबंधाचे पहिले प्रकरण थोडक्यात लिहून काढणे, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात आराखड्यात अजून व्हायच्या कामाची आखणी असते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, ते कोणाकडून व कोणत्या साधनाने मिळवायचे आणि त्यासाठी हीच पद्धत का निवडली, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे लागते.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, आधी शीर्षक ठरवावे आणि मग त्याला उद्दिष्टे जोडावीत. ‘माध्यमिक स्तरावरील गणित अध्यापनातील समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक भारदस्त वाटते, पण कोणत्या समस्या आणि कोणाच्या, या पहिल्याच प्रश्नाला ते अडखळते. वर्गातली एखादी नेमकी गोष्ट हाती घेतली की चित्र बदलते. १/४ आणि १/३ यांत मोठा अपूर्णांक कोणता, असे विचारल्यावर अनेक मुले १/४ सांगतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. पूर्ण संख्यांचा नियम ती अपूर्णांकांना लावतात. गणितशिक्षणाच्या संशोधनात ही चूक अनेक देशांत नोंदली गेली आहे. मग प्रश्न असा उभा राहतो : भाकरीचे भाग दाखवून शिकवण्यापेक्षा संख्यारेषेवर अपूर्णांक दाखवून शिकवल्यास ही चूक अधिक कमी होते का? एवढे ठरले की इयत्ता, घटक, तुलनेचे गट, चाचणी हे सारे त्यामागून येते. शीर्षक शेवटी लिहिले तरी चालते.

‘या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही’ हे वाक्य म्हणजे संशोधनाची गरज सिद्ध झाली, असेही समजले जाते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की पुण्यात झालेले काम नाशिकमध्ये झालेले नाही. जिल्हा बदलल्याने उत्तर का बदलावे, याचे कारण देता आले तरच तो बदल महत्त्वाचा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध आणि ‘शोधगंगोत्री’वर मंजूर आराखडे पाहता येतात. संबंधित साहित्याचा आढावा म्हणजे त्यांतील एकेका प्रबंधाचा एकेक परिच्छेद नव्हे. त्या कामांत कुठे एकमत आहे, कुठे निष्कर्ष जुळत नाहीत आणि प्रस्तुत प्रश्न त्यात कुठे बसतो, हे त्यातून दिसले पाहिजे.

परिकल्पना प्रत्येक आराखड्यात हवीच, ही समजूतही टिकत नाही. प्रायोगिक संशोधनात ती आवश्यक असते. पण आश्रमशाळेतील शिक्षक मुलांच्या घरच्या भाषेकडे कसे पाहतात, हे मुलाखती व निरीक्षणांतून समजून घ्यायचे असेल, तर संशोधन प्रश्न पुरेसे असतात. तिथे शून्य परिकल्पना घालणे म्हणजे केवळ रकाना भरणे होय.

न्यादर्श जितका मोठा तितके संशोधन दर्जेदार, या समजातून ३८४ हा आकडा आराखड्यांत वारंवार येतो. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातील आहे. लाखाच्या घरातील जनसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने न्यादर्श निवडून सर्वेक्षण करायचे असेल, तेव्हाचा तो आकडा. सोयीने निवडलेल्या चार शाळांत ३८४ प्रश्नावल्या वाटल्याने तो न्यादर्श प्रातिनिधिक होत नाही. प्रयोगात अडचण आणखी वेगळी असते : एक तुकडी प्रायोगिक आणि दुसरी नियंत्रित ठेवली, तर दिसलेला फरक अध्यापन पद्धतीचा की दोन शिक्षकांतला, हे सांगता येत नाही. यावरचा उपाय आराखड्यातच लिहिलेला असावा.

साधनाबाबत विश्वसनीयता गुणांक चांगला आला की काम झाले, असे मानले जाते. वरच्याच उदाहरणात चाचणीत २/७ आणि ५/८ यांची तुलना विचारली, तर चुकीचा नियम लावणारे मूलही ५/८ असे अचूक उत्तर देते. असे प्रश्न भरले तर गुणांक उत्तम येईल आणि चूक मात्र पकडली जाणार नाही. जे मोजायचे तेच मोजले जाते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न वेगळाच आहे आणि आराखड्यात त्याला जागा द्यावीच लागते.

नियमांबाबतची माहितीही पुष्कळदा जुनी असते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत होती, २०२२ च्या विनियमांत ती नाही. कोर्सवर्कसह किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे. मंजूर आराखड्यात काहीच बदलता येत नाही, ही भीतीही अनाठायी आहे. २०२२ च्या विनियमांनुसार संशोधकाला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पथदर्शी अभ्यासात एखादी चाचणी निरुपयोगी ठरली किंवा एखाद्या शाळेने परवानगी नाकारली, तर साधनातील वा न्यादर्शातील बदल कारणासह तिथे मांडता येतो. विषयच बदलायचा असेल, तर मात्र संबंधित विद्यापीठाची स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते.